एकीसाठी बाटली फोडत नाहीत

तिला सगळी वस्ती सुईबाई म्हणायची. आता तिने आयुष्यात सुई टोचली असेल तर ती फाटक्या उशीला. पोरांना टोचायचं काम दवाखान्यातल्या सिस्टरचं. सुईबाईचं काम त्याच्या आधीचं आणि त्याहून अवघड. घरोघर जायचं, कुणाचं पोर केव्हा जन्मलं ते ध्यानात ठेवायचं, आणि गुरुवार उजाडला की ती पोरं आयांसकट दवाखान्याच्या बाकड्यावर आणून बसवायची. टोचल्यावर पोर रडलं की शिव्या सिस्टरला नाहीत, हिला. ताप आला की दार वाजायचं ते हिचं. नाव पडलं ते असं. आधी तिला राग आला, मग सवय झाली, आणि पुढे नवऱ्यानेही चारचौघांत तीच हाक मारली तेव्हा तिने हात टेकले.

काम तिला जमायचं यात वाद नाही. बोलायची हौस दांडगी आणि नकार ऐकून घ्यायची सवय नाही, अशा बाईला दुसरं कुठलं काम जमणार? मोबाइलवरून वस्तीत रोज नवी थाप यायची. लस घेतली की पुढे मूल होत नाही, ही त्यातली सगळ्यांची लाडकी. सुईबाई ती शांतपणे ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "अगं, मला सगळ्या टोचल्यात, तरी तीन झाली. त्याला लस नाही पुरत, नवऱ्याला बाहेर झोपवावं लागतं." बाया हसल्या की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं ती चहा संपेपर्यंत उरकायची.

पण एका घरापुढे तिची डाळ शिजत नव्हती, आणि ते घर नेमकं तिच्या भिंतीला भिंत लागून होतं. तिच्या धाकट्या दिराचं.

दीर इस्त्रीवाला. रस्त्याच्या कोपऱ्यावर पत्र्याची खोली, तिच्यात एक लांब टेबल, त्यावर जाड घोंगडी आणि वर जळक्या डागांची चादर. रस्त्यापलीकडच्या उंच इमारतींतले कपडे गाठोड्यांनी यायचे आणि घड्या होऊन परत जायचे. माणूस अबोल, पण अडला की अडला. त्याला एक मुलगा आणि बऱ्याच वर्षांनी झालेली एक मुलगी. मुलीला सगळे ठकी म्हणायचे. ठकीचं गोवराची लस द्यायचं वय झालं होतं आणि दीर काही केल्या तिला दवाखान्यात न्यायला तयार नव्हता.

मोबाइलवरच्या थापांमुळे अडला असता तर सुईबाईने त्याला केव्हाच गुंडाळला असता. त्याचं दुखणं वेगळं होतं. मुलाच्या वेळी तो स्वतः लस द्यायला घेऊन गेला होता. टोचल्यावर मांडीला गाठ आली, ती पिकली, पोर आठवडाभर तापाने फणफणलं. दाखवायला नेलं तर तेव्हाची सिस्टर बाकड्यावरच्या सगळ्यांदेखत म्हणाली, "तुम्हा लोकांना स्वच्छता माहीत नाही, मग पिकणार नाही तर काय होणार?" दिवसभर दुसऱ्यांचे पांढरे शर्ट हाताळणारा माणूस तो. टेबलाला हात लावायच्या आधी साबणाने हात धुणारा. त्याने पोर उचललं आणि तो घरी आला. तेव्हापासून दवाखान्याच्या बाबतीत त्याने कानाला खडा लावला.

"भावजी, सिस्टर बदलली आता," सुईबाई म्हणायची.

"खुर्ची तीच आहे ना?" तो म्हणायचा, आणि विषय संपायचा.

मग मागच्या गल्लीत गोवर आला. एका घरातलं पोर इस्पितळात भरती झालं, दुसऱ्या घरातलं डोळे मिटून आईच्या खांद्यावर पडून राहायला लागलं. ठकी दिवसभर त्या पत्र्याच्या खोलीत टेबलाखाली गाठोड्यांमधून रांगायची, आणि गाठोडी टाकायला सगळ्या गल्ल्यांतली माणसं तिथे यायची.

तेव्हा सुईबाईने एक केलं. तोंड बंद ठेवलं. तिला ओळखणाऱ्या कुणाला हे खरं वाटणार नाही, पण ठेवलं. दुपारची फिरती संपली की ती इस्त्रीच्या खोलीत जाऊन बसायची आणि दिराने कडक केलेल्या कपड्यांच्या घड्या घालायची. पहिले काही दिवस तो तिच्या घड्या मोडून पुन्हा घालायचा. तिने तेही मुकाट्याने बघितलं. मग हळूहळू त्याने मोडायचं सोडलं.

एका दुपारी तोच म्हणाला, इस्त्रीवरची नजर न काढता, "वहिनी, हिलाही गाठ आली तर?"

"तर मी आहे ना."

"तुम्ही काय करणार?"

"तुमच्याकडे येऊन झोपेन. ताप आला तर मी उशाशी बसेन. गाठ पिकली तर मी घेऊन जाईन, आणि त्या खुर्चीवरून कुणी वेडंवाकडं बोललं तर तिथल्या तिथे हिशेब करीन. तुम्हाला त्या बाकड्यावर एकटं नाही बसू देणार."

त्याने शर्टाची कॉलर उलटली, दाबली, पुन्हा सुलटी केली. "मीच घेऊन येईन तिला," तो म्हणाला.

गुरुवारी त्याने खोली उघडलीच नाही. कपडे वेळेवर गेले नाहीत की पलीकडच्या इमारतींतून बोलणी बसायची, ती खायची तयारी ठेवली. निघण्याआधी घरातच ठकीचा फ्रॉक इस्त्रीला घेतला. एवढासा फ्रॉक, इस्त्रीचं टोकसुद्धा बाहीत शिरेना, तरी त्याने शिवण अन् शिवण बसवली. सुईबाई दारात उभी राहून बघत होती. खरं सांगायचं तर स्वतःच्या लग्नातही ती एवढी खूश नव्हती.

दवाखान्याची खोली लांबट. भिंतीकडेला बाकडं, समोर टेबल, टेबलावर बर्फाचा निळा डबा, मागे लशींचा फ्रिज. कोपऱ्यात वजनाचा काटा, ज्यात ठेवलं की प्रत्येक पोर सुईच्या आधीच एकदा रडून घेतं. एरवी गुरुवारी या खोलीत पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवशी बाकडं रिकामं होतं. का, तर बऱ्याच दिवसांनी नळाला सकाळपासून पाणी होतं, आणि हंडे भरायचे सोडून कोण पोर घेऊन येणार? ठकीची आईसुद्धा पाण्यासाठीच मागे राहिली होती.

सिस्टर म्हणजे नवीन पोरगी, स्वभावाने वाईट नव्हती. ठकीला बघून हसली, तिच्या गालाला हात लावला. मग दाराकडे नजर टाकून सुईबाईला म्हणाली, "गोवराची ना? आणखी कोण आहे?"

"आणखी म्हणजे?"

"गोवराला ही एकटीच दिसते. एकीसाठी बाटली कशी फोडू, बाई?"

सुईबाईला आता कुठे आठवलं. गोवराची लस एकेका पोराची वेगळी येत नाही. एका बाटलीत बऱ्याच पोरांची असते, आणि एकदा बाटली फोडून लस कालवली की ती काही तासांत टोचून संपवायची, नाहीतर टाकून द्यायची. वरचे लोक सांगतात की एका पोरासाठीसुद्धा बाटली फोडा. आणि महिना संपला की तेच वरचे लोक विचारतात, एवढी लस वाया कशी गेली? इथल्या डॉक्टरांना मागच्याच महिन्यात त्यावरून भर बैठकीत ऐकून घ्यावं लागलं होतं. तेव्हापासून या दवाखान्यात रीत पडली होती. चार-पाच पोरं जमली तर बाटली फोडायची, नाहीतर हसून सांगायचं, पुढच्या गुरुवारी या. ही रीत कुठे लिहिलेली नव्हती आणि सगळ्यांना पाठ होती. सुईबाईलाही होती. तिनेच कितीतरी आयांना असं हसून परत पाठवलं होतं. त्या दिवशी मात्र ती रीत तिच्या ध्यानातच आली नाही. तिचं सगळं ध्यान दिराला त्या दारातून आत आणण्यात गेलं होतं.

"अगं, फोड ना," ती सिस्टरच्या कानाशी जाऊन म्हणाली. "हा माणूस किती मुश्किलीने आलाय तुला माहीत नाही."

"डॉक्टरांना काय सांगू? तुम्ही आणखी तीन-चार आणा ना. आणलीत की लगेच फोडते."

"काय झालं?" बाकड्यावरून दिराने विचारलं.

"काही नाही, भावजी. बसा तुम्ही. मी आलेच."

आणि सुईबाई धावत सुटली. जाड अंगाची बाई, तिला धावताना वस्तीने कधी बघितलं नव्हतं. पहिल्या घरी पोर नुकतंच झोपलेलं, आई म्हणाली, उठवलं तर दिवसभर माझा जीव खाईल. दुसऱ्या घरी पोराचं नाक वाहत होतं. तिसऱ्या घरची आई नळावर, आणि नळावरून तिला हलवायचं म्हणजे मागच्यांशी भांडण. सुईबाई भांडली. हंडा स्वतः उचलून घरात नेऊन ठेवला, पोराला कडेवर घेतलं आणि आईला पुढे घातलं. आणखी एकीला वाटेत गाठलं, तिला सांगितलं की आजची लस पुन्हा येणार नाही. खोटं होतं, पण चाललं. एक बाई तर नुसती दया येऊन निघाली, म्हणाली, "चला, नाहीतर तुम्ही इथेच पडाल." असा सगळा लवाजमा घेऊन सुईबाई घामाघूम होऊन दवाखान्यात शिरली, तर बाकड्यावर दीर नव्हता.

सिस्टर टेबलाशी उभी होती आणि तिच्या हातात सुई होती. समोर छान कपड्यांतली एक तरुण बाई मांडीवर मूल घेऊन बसली होती. दारात गाडीचा ड्रायव्हर. पलीकडच्या इमारतीतल्या एका बड्या साहेबांची सून ती, आणि मांडीवर त्यांची नात. त्यांचे नेहमीचे डॉक्टर सुट्टीवर गेले म्हणून इथे आली होती. इथल्या डॉक्टरांनी आपल्या खोलीतून सिस्टरला फोन करून सांगितलं होतं, साहेबांच्या घरचे येतायत, त्यांना थांबवू नका.

बाटली फुटली होती.

"माझा दीर कुठे गेला?"

"ते बसले होते बराच वेळ," सिस्टर सुईबाईच्या डोळ्यांत न बघता म्हणाली. "मीच म्हटलं, काका, पुढच्या गुरुवारी या, काय फरक पडतो? ते गेले आणि मागोमाग डॉक्टरांचा फोन आला. आता बोलवा ना त्यांना. दुपारपर्यंत चालेल."

सुईबाई आलेल्या पोरांना तिथेच सोडून पुन्हा धावली. दिराने खोली उघडली होती, इस्त्री तापत होती. ठकी टेबलाखाली बसून एका बाहीचं बटण चावत होती.

"भावजी, चला. फोडली बाटली."

"पोरं जमली?"

इथे खोटं बोलता आलं असतं. हो म्हणायचं, एवढंच काम होतं. पोरं तर आणलीच होती तिने. नुकतंच एकीला थाप मारून आणलं होतं. पण ती धावून दमली होती आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि अशा वेळी माणसाच्या तोंडून खरं निघून जातं.

"साहेबांची नात आली गाडीतून. तिच्यासाठी फोडली. चला लवकर, बरीच उरलीय."

दिराने इस्त्री उभी करून ठेवली.

"माझ्या पोरीसाठी नाही फुटली," तो म्हणाला.

"आता फुटलीय ना."

"त्यांचं झाल्यावर उरलंय ते."

"लस आहे ती, भावजी. उष्टं जेवण नाही."

"मग काय आहे?" त्याचा आवाज चढला नाही. "एवढा वेळ बाकड्यावर एकटा बसलो होतो. मांडीवर पोर घेऊन. ती सिस्टर दोनदा घड्याळ बघून गेली. त्यांचे कपडे मी करतो, त्यांची बोलणी मी खातो. त्यांचं उष्टं माझ्या पोरीच्या अंगात घालणार नाही. पुढच्या गुरुवारी तिच्यासाठी फोडतील तर आणीन."

"अहो, गोवर काय पुढच्या गुरुवारची वाट बघणारेय?" तिने वाकून ठकीला उचललं. त्याने तिच्या हातातून पोर काढून घेतलं. ओढून नाही, अगदी सावकाश, एकेक बोट सोडवून. सुईबाईने हात जोडले. जोडून झाले, मग ती ओरडली. "मस्ती तुमची आणि भोगेल ती," असं म्हणाली. भर रस्त्यावर, चार लोकांदेखत. हे बोलायला नको होतं.

दिराचं चुकलं. उरलेल्या लशीत कमी काही नव्हतं, आणि पोरीच्या जिवापुढे बापाच्या मानाला काडीची किंमत नाही, हे कुणीही सांगेल. सांगणाऱ्यांनी एकदा त्या बाकड्यावर बसून मग सांगावं. त्या दिवशी सुईबाईने आणलेली पोरं टोचून घेऊन गेली, आणि दुपारी सिस्टरने बाटलीतली उरलेली लस नियमाप्रमाणे टाकून दिली.

पुढच्या गुरुवारी दीर आला नाही. सुईबाईशी त्याने बोलणंच टाकलं होतं. त्यानंतरच्या गुरुवारी ठकी तापाने भाजत होती. डोळे लाल, अंगभर पुरळ, मग छातीत कफ, मग कानांतून पू, मग झटके. सुईबाईने शब्द दिला होता तो अर्धा पाळला. इस्पितळात उशाशी बसली. ठकीची आई, म्हणजे तिची जाऊ, घरी मुलाकडे गेली की सुईबाई बसायची, दीर आला की उठून बाहेर जायची. त्या खाटेच्या दोन बाजूंना दोघं कधी एका वेळी बसले नाहीत.

ठकी वाचली. सगळ्यांनी देवाचे आभार मानले. घरी आल्यावर एकदा जाऊच्या हातून पातेलं निसटलं, असं खणखणलं की शेजारचे डोकावले. ठकी पाठमोरी खेळत होती, ती खेळतच राहिली. जाऊने पातेलं उचललं आणि पुन्हा टाकलं. मग आणखी एकदा टाकलं. तिसऱ्यांदा सुईबाई भिंतीपलीकडून धावत आली, तेव्हा जाऊ जमिनीवर बसून ते पातेलं आपटत होती.

दीड वर्ष गेलं. गोवर ओसरला, पुन्हा आला. पोरं बाकड्यावर येईनात. तेव्हा वरच्या ऑफिसातून मोठे डॉक्टर आले आणि दवाखान्यात बैठक झाली. लोक लस का टाळतात, हा विषय. मोठे डॉक्टर चांगले बोलायचे. म्हणाले, अज्ञान आहे, भीती आहे, आपण लोकांच्या मनापर्यंत पोचायला हवं. म्हणाले, तुमच्याच वस्तीत एक मुलगी गोवराने बहिरी झाली ना, वडिलांनी लस नाकारली म्हणून?

"नाकारली नव्हती, साहेब," सुईबाई म्हणाली. "दुकान बंद ठेवून आला होता. बाटली फोडली नाही."

इथले डॉक्टर टेबलाकडे बघायला लागले. सिस्टर आपली नखं बघायला लागली.

"असं व्हायला नको होतं," मोठे डॉक्टर म्हणाले. "मी वर कळवतो. पण बाई, ही गोष्ट बाहेर गेली तर काय होईल? जे येतात तेही यायचे थांबतील. म्हणतील, जाऊन उपयोग काय? ते हवंय तुम्हाला?"

ते नको होतं तिला. दुखरी गोष्ट हीच, की माणूस खरं बोलत होता.

"एका पोरासाठी बाटली फोडायला सांगा," ती म्हणाली. "मग काय ते करते."

"नियम तोच आहे की," मोठे डॉक्टर म्हणाले. "मी सूचना देतो पुन्हा." आणि मग मुद्द्यावर आले. एक छोटी फिल्म करायची होती. वडिलांनी दोन वाक्यं बोलायची, शेजारी मुलगी. परक्या माणसाने शंभरदा सांगून जे होत नाही ते एका बापाच्या दोन वाक्यांनी होईल. फक्त त्याला पटवायला हवं, आणि पटवण्यात तुमचा हात कोण धरणार?

सुईबाई इस्त्रीच्या खोलीत गेली आणि टेबलाच्या टोकाला बसून घड्या घालायला लागली. दिराने तिच्याकडे बघितलं, पण घडी मोडली नाही. बरेच कपडे झाल्यावर म्हणाला, "काय काम काढलंय?"

तिने सांगितलं.

"काय बोलायचं मी?"

"मी मुलीला लस दिली नाही. म्हणून तिचे कान गेले. तुम्ही असं करू नका."

त्याने इस्त्री दोनदा फिरवली. "खोटं नाही ते," तो म्हणाला.

"नाही."

"पण असं झालं नाही, वहिनी."

तिने पुढचा शर्ट ओढला. ठकी उंबऱ्यावर बसून रस्त्यावरच्या गाड्या बघत होती. गाड्या तिच्यासाठी आवाज न करता जात होत्या.

"मागच्या गल्लीत किती पोरं बाकी आहेत?" त्याने विचारलं.

"पुष्कळ."

"मी बोललो तर येतील?"

"येतील."

"मग बोलतो," दीर म्हणाला, आणि दीड वर्षाने त्याने तिच्यासाठी चहा मागवला. तो चहा तिने तसाच गार होऊ दिला.

फिल्म त्याच खोलीत झाली. कॅमेरावाल्याने गाठोडी हलवायला लावली, मग एक गाठोडं परत आणायला लावलं, कारण त्याशिवाय खोली खरी वाटेना. दीर टेबलाशी उभा राहिला. धुतलेला शर्ट, हात पुढे बांधलेले. मोठे डॉक्टर दारात उभे होते आणि सुईबाई त्यांच्या मागे. कॅमेरावाल्याने बोट वर केलं.

"त्या गुरुवारी मी दुकान बंद ठेवून मुलीला घेऊन..." दिराने सुरुवात केली.

"एक मिनिट," मोठे डॉक्टर मऊ आवाजात म्हणाले. "ते नको. लोकांचा गोंधळ होतो त्याने. थोडक्यात ठेवा."

दिराने त्यांच्याकडे नाही बघितलं, वहिनीकडे बघितलं. तिने फक्त मान खाली घातली असती तरी चाललं असतं. ती म्हणाली, "सांगितलंय तेवढंच बोला, भावजी."

तो तेवढंच बोलला. एका दमात, न अडखळता. छान झालं, सगळे म्हणाले.

"आता एक शेवटचं," कॅमेरावाला म्हणाला. "तिला ऐकू येत नाही हे दिसायला हवं. ती इकडे तोंड करून बसेल, तुम्ही मागून हाक मारा. ती वळणार नाही, तेवढंच हवंय."

ठकीला टेबलाच्या कडेवर बसवलं. समोर कॅमेरा, मागे बाप. त्याने हाक मारली, "ठके." ठकी कॅमेऱ्याच्या काचेत बघून हसली. आणखी एकदा, कॅमेरावाला म्हणाला. दिराने पुन्हा हाक मारली, तेवढ्यात ठकीला दारात आई दिसली आणि तिने हात पसरले. आईला बाजूला व्हायला सांगितलं. जाऊ भिंतीआड गेली. आणखी एकदा. आता जरा कळवळून मारा, कॅमेरावाला म्हणाला, आणि आवाजाची काळजी करू नका, तो आम्ही काढून टाकतो, वर संगीत घालतो. तोंड हललं पाहिजे फक्त.

दिराने हे ऐकलं. मग तो मुलीच्या मागे वाकला आणि तिच्या पाठीला म्हणाला, "ठके, मी तुला घेऊन गेलो होतो गं. इस्त्री केलेला फ्रॉक घालून घेऊन गेलो होतो. त्यांनी आपल्यासाठी फोडली नाही, आणि मग उष्टं म्हणून मी तुला परत नेलं नाही. तुला सांगायचं राहिलं."

ठकी वळली नाही. कॅमेरावाला खूश झाला. मोठे डॉक्टर घड्याळ बघत बाहेर गेले.

फिल्म चांगली चालली. मागच्या गल्लीतली पोरं आली, त्यांच्या मागच्या गल्लीतलीही आली, बाकडं भरून लोक उभे राहायला लागले. दवाखान्यात भिंतीवर टीव्ही बसवला, त्यावर गुरुवारी दिवसभर ती लागलेली असते. संगीत वाजत असतं आणि एक बाप मुलीच्या मागे वाकून ओठ हलवत असतो. बाया पोरांना छातीशी धरतात, एकमेकींना म्हणतात, बिचारा किती हाका मारतोय. सुईबाई बाकड्याच्या टोकाला बसून पोरांची नावं विचारत असते. तेवढा भाग आला की ती टीव्हीकडे पाठ करते.